मंजूर झालेलं इंजेक्शन

यशोधराबाईंना माणसाचं तोंड पाहून कधी भागलं नाही. त्या डोळा पाहायच्या. समोरच्याच्या गालावर अंगठा टेकवायचा, खालची पापणी ओढायची आणि आतला रंग बघायचा. नमस्कार, खुशाली वगैरे सगळं त्यानंतर. आतून लाल दिसलं तर "जा", आणि पांढरट दिसलं तर त्या माणसाची खैर नाही. शेंगदाणे, गूळ, शेवग्याचा पाला, सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या, सगळं एका दमात सांगून वर बजावायच्या, "पंधरा दिवसांनी डोळा घेऊन ये." डोळा काय माणूस घरी ठेवून येणार होता? पण बाईंपुढे हे बोलायची कोणाची छाती नव्हती.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यातलं, बेल्याकडचं. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. शाळा मराठी, सरकार तेलुगू, आणि मधे बाई. जवळजवळ सगळी नोकरी त्यांनी या एकाच शाळेत काढली. माझं किराणा दुकान शाळेच्या फाटकासमोर, त्यामुळे त्यांचं निम्मं आयुष्य माझ्या गल्ल्यासमोरून गेलं. खरं सांगतो, सुरुवातीला मला ही बाई मुळीच आवडत नसे. सकाळी सकाळी गिऱ्हाइकाची पापणी ओढून "तेल कमी ने, गूळ जास्त ने" असं सांगणारी मास्तरीण कोणत्या दुकानदाराला आवडेल?

त्यांची धाकटी बहीण बाळंतपणात गेली होती. आदिलाबादच्या दवाखान्यात वेळेवर पोचली होती. डॉक्टर होते, खाट होती, रक्त नव्हतं. बाईंनी हे मला एकदाच सांगितलं, वर्गात पाढे म्हणावे तशा आवाजात. पुन्हा कधी विषय काढला की म्हणायच्या, "सांगतलं ना एकदा."

बहीण गेली तेव्हापासून दर चौदा एप्रिलच्या जयंतीला शाळेच्या व्हरांड्यात त्या रक्तदानाचा कँप लावायच्या. आदिलाबादहून रक्तपेढीची गाडी यायची, आणि गाडी यायच्या आधी आठवडाभर गावातले तरणेताठे पुरुष रस्ता बदलून चालायचे. बाई कोणाला समजावत बसायच्या नाहीत. दारात जाऊन बसायच्या. माझ्या दुकानाच्या पायरीवर त्या अशाच येऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, "बाई, मले सुईचं भेव वाटते." त्या म्हणाल्या, "वाटू द्या, मी बसली हाय." गिऱ्हाइकं येत होती, बाईंना बघून तिथूनच परतत होती. दुपारपर्यंत माझा धंदा बसला. शेवटी मी शटर ओढलं आणि शिव्या घालत व्हरांड्यात जाऊन आडवा झालो. शिव्या मनातल्या मनात, अर्थात.

जैनथकडच्या एका लग्नात तर त्यांनी हद्द केली. जेवणं उरकली, अक्षता पडल्या होत्या, आणि बाईंनी नवरदेवाच्या बापाला सांगितलं की मला आहेर नको, मानपान नको, वरातीतली पोरं द्या, रक्तपेढीची गाडी बाहेर उभी आहे. तो बिचारा लाल झाला. म्हणाला, "बाई, लग्नात कोणी रक्त मागते का?"

"लग्न झालं म्हंजे बाळंतपन येते," बाई म्हणाल्या. "तवा पळापळ करान. त्यापेक्षा आता द्या."

नवरदेवाच्या आईनं बोटं मोडली. पण नवरदेव उठला, त्याच्यामागे चार पोरं उठली, आणि गाडी भरून गेली. परतताना बाई माझ्या व्हॅनमध्ये खुशीत होत्या. मला मात्र शुभकार्यात बाळंतपणाचं ते मरण आणलेलं रुचलं नव्हतं, आणि मी तसं बोललोही.

त्यांचं स्वतःचं रक्त ओ निगेटिव. हे रक्त दुर्मीळ. पेशंटचा गट तपासायलाही वेळ नसला, एखादी बाळंतीण रक्तात न्हाऊन दवाखान्यात आली, की डॉक्टर आधी हेच मागतात, कारण ते कोणालाही चालतं. पण ज्याचं हे रक्त आहे त्याला दुसरं कुठलंच चालत नाही. बाई हे मुलांना शिकवायच्या, "मी समद्याइले चालते, मले कोनी चालत नाई," आणि नेमके त्याच वेळी नवरोबा डबा घेऊन दारात आलेले असायचे.

नवरोबा म्हणजे वामनराव. तहसील कचेरीत कारकून होते. गाव त्यांना पेशकार म्हणायचं, आणि निवृत्त झाल्यावरही ते पेशकारच राहिले. किरकोळ अंगाचे, अतिशय सभ्य. बोलण्यात दाखला, दरखास्त, मंजुरी, तामील असले निजामाच्या वेळचे शब्द. त्यांचं एक तत्त्व होतं. पहिल्या खेपेला कोणतीच दरखास्त मंजूर होत नसते. साहेब नाही म्हणतो, कारणं सांगतो. कारणं ऐकायची नसतात. पुन्हा जायचं, पुन्हा हात जोडायचे, चपला झिजवायच्या. साहेब एक दिवस कंटाळतो आणि सही करतो. जन्मभर त्यांनी कचेरीत हेच पाहिलं होतं, आणि त्यांचं चुकत होतं असं कोणी म्हणू शकत नव्हतं.

बाई निवृत्त झाल्या आणि वर्षभरात त्यांच्या छातीत गाठ निघाली.

नागपूरला ऑपरेशन झालं. पुढची औषधं, ती सलाइनमधून देतात ती, आदिलाबादला घ्यायची ठरली. तिथल्या एका खाजगी दवाखान्यात हैदराबादचे डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. व्हॅन माझी, म्हणून चालक मी. पेशकार म्हणाले, "तुमीबी आत बसा, दुकानदार. दोन मानसं असले तं साहेबावर वजन पडते." म्हणून प्रत्येक वेळी मी आत असायचो.

डॉक्टर तेलुगू. बेला-जैनथचे पेशंट बघून बघून मराठी शिकलेले. सावकाश बोलायचे, शब्द शोधून. दोन-तीन सलाइनांनंतर बाईंचं रक्त उतरलं. जिना चढताना त्या मधेच बसल्या. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या डोळ्याकडे पाहिलं. पापणी ओढायची हिंमत झाली नाही, पण ओढायची गरजही नव्हती. पांढरं वरूनच दिसत होतं.

"अम्मा, रक्त चढवावं लागते," डॉक्टर म्हणाले.

"नको. आमच्या गावात एक किडनीचा पेशंट हाय, त्याले रक्त वाढवायचं इंजेक्शन देतात. मले ते द्या. कोनाची बाटली नको."

आता तर रक्ताच्या पिशव्या असतात, पण आमच्याकडे अजून बाटलीच म्हणतात. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. म्हणाले, ते इंजेक्शन मला माहीत आहे. ते हाडांना सांगतं, रक्त बनवा. बनतं, बाटली लागायची वेळ कमी येते. पण त्याचं दुसरं अंग आहे. रक्तात गुठळी होऊ शकते. पायात होते, तिथून फुप्फुसात जाते, कधी डोक्यात. आणि काही पेशंटमध्ये गाठच त्यानं जोरात वाढते, आयुष्य कमी होतं असं दिसलं आहे. बाटलीचेही धोके आहेत, ताप येतो, अंगावर पित्त उठतं, पण ते मला सांभाळता येतात.

"तुमची गाठ काढली. आता देतो ते औषध बरं करायसाठी. ज्याला बरं करायचं आहे, त्याला मी ते इंजेक्शन देत नाही."

"मंग कोनाले देता?"

"ज्याला बरं करणं माझ्या हातात नाही राहिलं, त्याला. त्याचे दिवस सोपे जावे म्हणून. तिथे धोका घेता येते."

बाईंनी मान हलवली. त्या मास्तरीण होत्या, एकदा नीट समजावलेलं त्यांना पुन्हा सांगावं लागत नसे. बाहेर आल्यावर पेशकार माझ्या कानाशी म्हणाले, "पयले नाईच म्हनतात. पुढच्या खेपेले पाहू." त्यांनी सगळं ऐकलं होतं. पण साहेब देतो ती कारणं, आणि कारणं ऐकायची नसतात.

बाटली चढवली. ती चढत होती तोवर बाई भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. रक्तपेढीचा माणूस ओळखीचा, कँपला येणारा. त्याला त्यांनी विचारलं, "ओ निगेटिव आनखी हाय का मांगं?" तो नजर चुकवून हो म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे इतका वेळ पाहिलं की तो उठून गेला. मग मला म्हणाल्या, "हे कोन्या तरी बाळंतिनीचं हाय, दुकानदार. मी पिऊन राह्यली." मी चिडलो. म्हटलं, आयुष्यभर दिलं तुम्ही, एक घेतली तर काय बिघडलं? त्या म्हणाल्या, "दिल्यानं हक्क येत नाई."

पेशकारांनी मात्र दर आठवड्याला दरखास्त लावली. डॉक्टरांच्या टेबलापाशी हात जोडून उभे राहायचे, "साहेब, त्या इंजेक्शनाचं पाहा ना." डॉक्टर दर वेळी नाही म्हणायचे, आणि दर वेळी त्या नाहीनं बाईंचा चेहरा उजळायचा. मला हे उशिरा कळलं. ती बाई आत जायची तीच मुळी डॉक्टरांचं नाही ऐकायला.

औषधं संपली. केस परत आले, कुरळे आले, आणि बाई पुन्हा गावाच्या पापण्या ओढायला लागल्या. एक कँपही झाला. मग कंबर दुखायला लागली. बसून बसून दुखते, म्हणाल्या. गावानं तेल सांगितलं, शेक सांगितला. मीही आयोडेक्सची डबी दिली आणि पैसे घेतले नाहीत, जणू काय मोठा उपकार. शेवटी फोटो काढले तेव्हा आजार हाडांत उतरलेला होता.

पुन्हा आदिलाबाद, पुन्हा सलाइन, पुन्हा रक्त उतरलं. आणि एका मंगळवारी पेशकारांनी खुर्चीवरून उठून हात जोडायच्या आतच डॉक्टर म्हणाले, "अम्मा, ते इंजेक्शन आता देऊ."

बाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

डॉक्टरांनी सगळे धोके पुन्हा सांगितले, पहिल्यापेक्षाही सावकाश. रक्त फार वर न्यायचं नाही, बाटली टळेल एवढंच. पाय सुजला, दम लागला, तर त्या क्षणी यायचं. पण पेशकार ऐकायच्या पलीकडे गेले होते. त्यांचे डोळे भरून आले होते. "मंजूर झालं," ते म्हणाले, "साहेब, लई उपकार झाले." आणि समोरच्या दुकानातून पेढे घेऊन आले. नर्सला दिले, दारावरच्या माणसाला दिले, बाहेर बसलेल्या पेशंटांना दिले. डॉक्टरांनी पेढा घेतला आणि हातातच धरून ठेवला.

"खा डॉक्टर," बाई म्हणाल्या. "त्याइनं पिरमानं आनला." मग डॉक्टरांनी खाल्ला.

परतताना पेशकार मागच्या सीटवर इंजेक्शनांचा बर्फाचा डबा मांडीवर घेऊन झोपले. बाई पुढे माझ्या शेजारी होत्या. चांदा फाटा मागे पडल्यावर त्या बोलल्या.

"तुमाले समजलं ना?"

"हो."

"त्याइले सांगू नका. लई दिसांनी गडी खुशीत हाय."

मी म्हटलं, "बाई, मग घेऊच नका ते. गुठळी झाली म्हणजे?"

"नाई घेतलं तं बाटल्या घ्या लागतीन, आन् एक बाटली किती दिस पुरते? मी तं वाचत नाई. मंग दुसऱ्याच्या अंगातलं घेऊन जायचं का आपल्याच हाडाले राबवायचं, एवढंच माह्या हाती राह्यलं. धोका माहा हाय. कोन्या बाळंतिनीचा नाई."

मला राग आला होता, कशाचा ते सांगता येत नाही. मी गाडी जोरात हाणली. बाईंनी "हळू" एवढंच म्हटलं.

गावात विजेचा भरवसा नाही आणि पेशकारांचा फ्रिज जुना. म्हणून इंजेक्शनं माझ्या दुकानात, कोल्ड्रिंकच्या फ्रिजमध्ये राहिली. माझ्याकडे इन्व्हर्टर होता. कोणी थंडा मागितला की माझा हात त्या डब्याला लागायचा. आठवड्याला गावची नर्सताई यायची, एक घेऊन जायची. मी झाकण लावायचो आणि हात पुसायचो, उगाच.

आणि इंजेक्शन लागू पडलं, राजेहो. महिनाभरात बाईंच्या ओठांवर रंग आला. फाटकापर्यंत चालत यायला लागल्या. जयंतीच्या कँपसाठी दोन दारांत जाऊन बसल्यादेखील. गाव म्हणालं, इंजेक्शनानं बाई उठवली. पेशकार माझ्या पायरीवर बसून येईल त्याला सांगायचे, "दरखास्त सोडाची नसते, भाऊ." एकदा डॉक्टरांना म्हणाले, "आनखी वाढवा ना साहेब, रक्त तेरा-चौदावर जाऊ द्या." डॉक्टर पहिल्यांदा कडक बोलले, "मार्क नाहीत हे. वर गेलं तर धोका वर जाते." पेशकार बाहेर येऊन हसले. म्हणाले, साहेब चांगला आहे, पण हात आखडता आहे.

मला मात्र बाईंच्या गालावरची ती लाली बघवत नव्हती. जे गावाला दिसत होतं ते मलाही दिसत होतं, पण ते का मिळालं हे मला माहीत होतं.

कँपच्या आधल्या दिवशी बाई दुकानात आल्या. ग्लुकोजची बिस्किटं हवी होती, रक्त दिलेल्यांसाठी. मी पुडे काढत होतो आणि माझी नजर खाली गेली. एका पायातल्या चपलेचा पट्टा सोडलेला होता. पोटरी टचटचीत, चकाकत होती.

"बाई, चला," मी म्हटलं.

"उद्या कँप हाय. परवा जाऊ."

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"दुकानदार, गाडी येऊन राह्यली उद्या. पोरं तयार केली मी."

या बाईनं एकदा माझं शटर पाडलं होतं. त्या दिवशी मी स्वतःच पाडलं. सरळ पेशकारांकडे गेलो आणि सांगितलं. ते म्हणाले, "चालनं जास्त झालं असन." मी ओरडलो, "डॉक्टरांनी सांगितलेलं हेच ते, पेशकार. गुठळी." त्यांनी कपबशी तशीच खाली ठेवली आणि चपला घातल्या. तासाभरात आम्ही आदिलाबादच्या रस्त्याला होतो.

गुठळीच होती, आणि तिचा तुकडा फुप्फुसात पोचलेला होता. रक्त पातळ करायचं औषध सुरू झालं. दोन दिवस बरे गेले. तिकडे गावात कँप झाला, बाईंविना, नर्सताईनं उभा केला. मग पातळ झालेलं रक्त पोटात झिरपायला लागलं. पातळ करावं तर आत रक्त जातं, न करावं तर गुठळी वाढते. ड्यूटीवरच्या डॉक्टरीणबाईंनी मला रक्तपेढीकडे पिटाळलं. पेढी रस्त्यापलीकडेच. ओळखीच्या माणसानं फ्रिज उघडला, पिशवी काढली आणि माझ्या हातात देताना म्हणाला, "ओ निगेटिव एवढीच हाय."

मी पिशवी घेऊन आलो. बाईंची खाट दाराजवळच होती. हैदराबादचे डॉक्टर त्या दिवशी आलेले होते, उशाशी उभे होते. बाईंना दम लागत होता, पण नजर पूर्ण शुद्धीत.

"डॉक्टर, हे चढवलं तं काय होते?"

"दोन दिवस मिळतील, अम्मा. कदाचित."

"वाचत नाई."

डॉक्टरांनी मान हलवली.

"मांगं आनखी हाय का, दुकानदार?"

मला खोटं बोलायचं होतं. बाई माझ्याकडे बघत होत्या. "नाही," मी म्हटलं.

"मंग परत द्या. फोडली नाई, थंड हाय, तोवर ते परत घेतात. गरम झाली का कोनाच्याच कामाची नाई."

पेशकार खाटेची कड धरून उभे होते. "घे ना," ते म्हणाले. "माह्यासाठी घे. दोन दिसात साहेब आनखी काई मंजूर करतीन. मी बोलतो साहेबासंग."

"अवो, बसा," बाई म्हणाल्या. "साहेबाचा निकाल तवाच झाला होता. इंजेक्शन देतो म्हनले तवा."

पेशकारांनी डॉक्टरांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. जन्मभर ऐकली नव्हती ती कारणं त्या एका क्षणात त्यांना सगळी ऐकू आली असावीत, कारण ते खाली बसले, खुर्ची नव्हती तरी बसले, फरशीवर.

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमी पेढे आनले होते," बाई म्हणाल्या.

त्यांनी हात खाली सोडला आणि पेशकारांच्या डोक्यावर ठेवला. डॉक्टर खिडकीकडे वळले. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत होती, पिशवी तिला द्यायची की नाही हे मी ठरवायचं असल्यासारखी. मी ठरवणारा कोण? मी दारात उभा होतो. पिशवी गार होती, आणि माझा हात गरम.

"दुकानदार." बाईंचा आवाज बारीक झाला होता, पण वर्गातलाच होता. त्या माझ्या तोंडाकडे बघत नव्हत्या, माझ्या हाताकडे बघत होत्या. "उभे काऊन राह्यले? गरम होऊन राह्यली ते."

मी पळालो.